टॅब पदराने पुसू नका

श्रावणात आमच्या इथे सप्ताह असतो, चोवीस तास अखंड भजन, आणि यंदा आमच्या महिला मंडळाला पाळी मिळाली रात्री दीडची. म्हणजे निम्म्या जणी बसल्या जागी डुलतायत, उरलेल्या चहाची वाट बघतायत, मी पेटीवर आणि समोर स्टँडला लावलेला टॅब, त्यात अभंग-गौळणींची तीनशे पानांची पीडीएफ. पूर्वी वह्या होत्या, घामाने शाई पसरलेल्या, पानं सुटलेल्या, म्हणून मीच हट्टाने सगळं स्कॅन करून टॅबवर आणलं आणि त्याचा मला थोडा माजही होता. गौळण सुरू झाली, पहिलं कडवं झालं, दुसऱ्याला पान उलटलं आणि समोर काही दिसेचना. मंडपवाल्याने नेमका आमच्या डोक्यावर मोठा एलईडी लावलेला, त्याचा उजेड काचेवर असा पसरला की अक्षरांच्या जागी नुसते फराटे, ओशट, कडेने इंद्रधनुष्यासारखे रंग. सूर सोडला, डावा हात भात्यावर ठेवला आणि उजव्या हाताने पदर धरून पुसलं. पुसल्यावर तर होतं तेही गेलं.

शेजारी काकी होती, वय सत्तरच्या पुढे, तिला वही लागत नाही आणि टॅबही लागत नाही, तिने पुढची ओळ उचलली म्हणून निभावलं. चहाच्या वेळी मला म्हणते, "गो, तुझ्या त्या पाटीला एकदा चिंच-मीठ लाव, समईसारखी लख्ख होईल."

सगळ्या हसल्या, मी पण हसले, पण डोक्यात ते राहिलंच, कारण खरं सांगायचं तर चिंच-मीठ सोडून बाकी सगळं मी त्या टॅबला लावून झालं होतं. ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी झोप काढून उठल्यावर टॅब बंद केला आणि सोप्यात खिडकीजवळ तिरका धरून बघितला. बंद स्क्रीन तिरकी धरली की सगळं दिसतं बघा, चालू असताना उजेडात जे लपतं ते सगळं. आणि जे दिसलं तो आमच्या घराचा नकाशाच होता. उजव्या कडेला मधोमध एक अंगठ्याएवढा भुरकट पट्टा, ते माझं पान उलटणं. त्याच्या जरा आत वरून खाली लांबलचक फराटा, ते बाबांचा सकाळचा पेपर, बाबा एक बोट ठेवून विहिरीतून पाणी ओढल्यासारखं स्क्रोल करतात. खाली दोन कोपऱ्यांत दोन गोल, ते भाच्याचे अंगठे, गाडीचा गेम. आणि खाली मधोमध आईचं, रेसिपीचा व्हिडिओ थांबवायचा, चालू करायचा, थांबवायचा, पीठ मळलेल्या हाताने. वरचा डावा कोपरा मात्र कोणाच्याच कामाचा नाही, तो दुकानातून आणला तेव्हा होता तस्साच, काळाभोर.

मग मी एक प्रयोग केला, तुम्हीपण करून बघा, पैसे लागत नाहीत. स्क्रीन आधी नीट पुसून घ्यायची, नाहीतर वरच्या तेलामुळे फसगत होते. मग बोट पाण्यात बुडवून एक थेंब वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला आणि एक उजव्या कडेला. कोपऱ्यातला थेंब अळवाच्या पानावर राहतो तसा गोल टम्म उभा, टॅब किंचित कलवला तर पळाला. उजव्या कडेचा थेंब ठेवल्या ठेवल्या बसला, पसरला, कडा वाकड्यातिकड्या, कलवला तर ओघळ मागे ठेवून सरकला. एकच काच, एकच पाणी, आणि मध्ये जेमतेम वीतभर अंतर.

फरक आहे तो कोटिंगचा. फोन आणि टॅबच्या काचेवर कारखान्यातच एक थर बसवलेला असतो, त्याला ओलिओफोबिक म्हणतात, म्हणजे तेलाशी फटकून वागणारा. ॲपलने २००९ मध्ये आयफोन थ्रीजीएसवर याची जाहिरात केली होती, नंतर हळूहळू सगळ्यांनीच लावायला घेतलं. हा थर फ्लोरिनवाल्या रसायनांचा, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरच्या टेफ्लॉनच्याच घराण्यातला. टेफ्लॉन १९३८ मध्ये चुकून सापडलं, आणि तेव्हापासून कशाला काही चिकटू नये असं वाटलं की माणूस फ्लोरिनकडे जातो. फक्त तव्यावरचा थर कालथ्याने खरवडला की डोळ्यांना दिसतो तरी, इथे तो दहा-वीस नॅनोमीटर असतो. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड. म्हणजे केसाचे हजारो पापुद्रे काढले तर त्यातला एक. एवढ्याशा पापुद्र्यावर आपण दिवसाला किती वेळा बोट घासतो ते आता तुम्हीच मोजा.

नुसती काच असते ना, ती पाणी आणि तेल दोघांनाही जवळ करणारी. बोट लावलं की तेल तिच्यावर पसरतं आणि चिकटून बसतं. कोटिंग असेल तर तेलाचे बारीक बारीक थेंब होतात, पसरत नाहीत. आता इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो (माझाही होता) की कोटिंग म्हणजे डाग पडणारच नाहीत. डाग पडतातच. फरक एवढाच की नव्या टॅबवर एकदा फडकं फिरवलं की निघतात, आणि कोटिंग गेलेल्यावर निघत नाहीत, फक्त इकडून तिकडे जातात. ते जे रंगीत दिसतं ते पण याचमुळे, तेल एकदम पातळ पसरलं की रंग दिसतात, पावसात पेट्रोल पंपावर डबक्यात दिसतात ना, तेच ते.

आणि तेल येतं कुठून? मला वाटायचं बोटांतूनच सुटतं. तर नाही, तळहाताला आणि तळपायाला तेलाच्या ग्रंथीच नसतात, घामाच्या असतात फक्त. बोटावरचं तेल हे आपण कपाळ, नाक, केस यांना हात लावून लावून उचलून आणलेलं असतं. हे वाचल्यापासून मी बाबांना पेपर वाचताना बघते, प्रत्येक बातमीला एकदा डोक्यावरून हात, एकदा स्क्रीन, एकदा डोक्यावरून हात. डोक्याला खोबरेल. गोव्यात खोबरेल गोठतंय कधी, २४-२५ डिग्रीच्या खाली गेलं तर ना, सत्तरी तालुक्याकडे जानेवारीत सकाळी बाटलीत गोठलेलं दिसतं तेवढंच, एरवी वर्षभर पातळच आणि सगळीकडे पसरायला तयार. वर आमच्याकडे रोज तव्यावर मासे, स्वयंपाकघरातल्या हवेतच तेल. चतुर्थीला तर विचारू नका, नेवऱ्या (आमच्या करंज्या) तळताना आईने टॅब चुलीपासून हातभर अंतरावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि दर दोन मिनिटांनी "अगं हे बंद का पडतंय" म्हणत तुपाच्या बोटाने टकटक.

पण तेलाने कोटिंग जात नाही हो. तेल बिचारं नुसतं वर बसतं. कोटिंग जातं घासण्याने, आणि घासणारे आम्हीच.

टॅब घेतला २०१९ च्या दिवाळीत. दोन-तीन महिने बरे गेले आणि मग आलं कोरोनाचं वर्ष, आमच्या घरात दुधाच्या पिशवीपासून किल्लीपर्यंत सगळं सॅनिटायझरने पुसलं जायचं, त्यात टॅब दिवसातून तीनदा. तेव्हा वाटायचं पुसलं की चिकट का लागतंय. आता कळलं. हाताच्या सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात १.४५ टक्के आणि सोबत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, ०.१२५ टक्के. ग्लिसरीन उडत नाही, काचेवर तसंच राहतं. म्हणजे मी तेल पुसायला ग्लिसरीन लावत होते आणि ग्लिसरीन जाईना म्हणून आणखी जोराने घासत होते. ॲपलने २०२० च्या मार्चमध्ये आपल्या सूचनांत ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइप्सना हो म्हटलं, पण हलक्या हाताने असं बजावून, आणि ब्लीच नि हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं काही लावू नका असं सांगतात. हे मी तेव्हा वाचलं असतं तर.

त्यानंतर निळं काच पुसायचं पाणी, खिडकीचं. त्यात बऱ्याचदा अमोनिया असतो, अमोनिया अल्कधर्मी, आणि हा थर काचेला ज्या बंधाने धरून असतो तो अल्कधर्मी पाण्यात कमकुवत होतो. हेच सोड्याला लागू, हेच कपड्याच्या साबणाला. मग कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलं की टूथपेस्टने ओरखडे जातात. टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक भुकटी असते, तिने ओरखडा जात नाही, आजूबाजूचं सगळं तेवढंच घासून निघतं. मी फक्त उजव्या कोपऱ्यात एका जागी लावलं होतं, देवाची कृपा. आणि या सगळ्यावर रोजचं आपलं चालूच, दिसेल त्याने पुसणं, बाबा पंचाने, मी पदराने, भाचा टी-शर्टने, तो तर आधी तोंडाची वाफ सोडतो, मग टी-शर्ट. पदराचं जरीकाम तर चांगलं खरखरीत असतं, हात लावून बघा.

वाळूचं पण सांगायला पाहिजे, गोव्यात राहून वाळूचं सांगायचं नाही म्हणजे काय. मिरामारच्या किनाऱ्यावर संध्याकाळी गेलं की पिशवीत, पाकिटात, चपलेत, सगळीकडे थोडी वाळू घरी येतेच. वाळूत क्वार्ट्झ असतो, मोहच्या मापाने (खनिजांचा कठीणपणा मोजायचं एक ते दहाचं माप, हिरा १०) कठीणपणा ७, आणि साधी काच साडेपाच-सहाच्या आसपास, फोन-टॅबची काच मजबूत केलेली असते पण क्वार्ट्झपुढे तिचंही चालत नाही. त्यामुळे पुसण्याआधी टॅब उलटा धरून झटकायचा किंवा मऊ ब्रशने, मी बाबांचा जुना दाढीचा ब्रश घेतलाय धुऊन, हळूच झाडायचं. वाळूचा एक कण फडक्याखाली राहिला तर तुम्ही पुसत नाही, कोरत असता. काजळ-कुंकवाचं सोपं आहे, ते फक्त घाण दिसतं, निघतं.

आता मी काय करते. टॅब बंद, ब्रश, मग दोन फडकी, दोन्ही मायक्रोफायबर. एक किंचित ओलं, म्हणजे पिळून पिळून पाणी गेलेलं, एक कोरडं. पाणी थेट स्क्रीनवर नाही, कडेने आत जातं. ओलं फडकं वरून खाली एका दिशेने, गोल गोल नाही, मग लगेच कोरडं. तेल फारच असेल, म्हणजे चतुर्थीनंतर वगैरे, तर सत्तर टक्केवाला वाइप एकदा, दाब न देता. मायक्रोफायबरच का, तर त्याचे धागे खूप बारीक आणि बऱ्याचदा चिरलेले असतात, त्या फटीत तेल ओढून धरलं जातं, सुती कापड ते नुसतं ढकलत नेतं. चष्म्याच्या दुकानात फुकट मिळतं ते चालतं. ॲपलने २०२१ मध्ये एक फडकं काढलं होतं, भारतात किंमत १९०० रुपये, तेवढ्यात आमच्या मंडळाच्या झांजा आल्या असत्या.

फडकं धुताना मात्र कपड्याला मऊपणा आणणारं ते सुगंधी लिक्विड घालायचं नाही, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि मग तोच स्क्रीनवर लागतो. आईने मायेने घातलं होतं, दोन दिवस टॅबला गुलाबाचा वास आणि फराटे दुप्पट. आणि पावसाळ्यात फडकं वाळायचं कसं हा आमचा खास प्रश्न, इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो नि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, जूनमध्ये टांगलेलं फडकं जुलैत पण ओलंच आणि वर कुबट वास. मी फ्रिजच्या मागे अडकवते, तिथे ऊब असते. पाणी कसलं वापरता ते पण बघा, आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की थेंब वाळला की पांढरा गोल उमटतो, म्हणून पिण्याच्या फिल्टरचं घेते.

हे सगळं केलं तरी गेलेलं कोटिंग परत येत नाही. ते मला मान्य व्हायला वेळ लागला आणि चारशे रुपये लागले. म्हापशात शुक्रवारी बाजाराला गेले होते, तिथे मोबाइलच्या एका दुकानात विचारलं, तर मुलगा म्हणाला मॅडम नॅनो लिक्विड आहे, लावलं की नाइन एच, हातोडी मारली तरी काही होत नाही. नखाएवढी कुपी, एक ओला वाइप, एक कोरडा. त्याने तिथेच लावून दिलं, रात्रभर राहू दे म्हणाला. सकाळी खरंच गुळगुळीत, थेंब पण उभा राहिला, मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले. तीन आठवड्यांत उजवी कड पुन्हा होती तशी.

यात तो मुलगा अगदी खोटं बोलला असं नाही. लिक्विडमध्ये फ्लोरिनवालं काहीतरी असतं, काम करतं थोडे दिवस. पण कारखान्यात काच आधी अगदी निर्मळ करून, हवा काढून घेतलेल्या चेंबरमध्ये हा थर चढवतात, तेव्हा तो काचेला धरतो. इथे दुकानातल्या काउंटरवर, बाहेर बाजारात सुक्या मासळीचा वास, खाली जुन्या तेलाचा अंश, त्यावर फडक्याने फासलेलं, ते किती धरणार. आणि ते नाइन एच म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल असं मला वाटलं होतं, मोहचं ९. तसं काही नाही, ते पेन्सिलीचं माप आहे. एचबी, टूएच असते ना, त्या मापातली सगळ्यात कठीण नऊ एचची पेन्सिल ओढली तरी ओरखडा येत नाही एवढाच अर्थ. ती पेन्सिल ग्राफाइट आणि मातीची, तिने तर साध्या काचेवर पण ओरखडा येत नाही. हातोडीचा तर त्यात काही संबंधच नाही.

शेवटी टेम्पर्ड ग्लासचा गार्ड लावला. गार्डच्या वर स्वतःचं कोटिंग असतं, स्वस्तातल्यावर हलकं, दोन-चार महिन्यांत जातं, बऱ्यातल्यावर जास्त टिकतं, पण मुद्दा असा की ते गेलं तर गार्ड बदलता येतो, काच नाही. बाबांचं म्हणणं मॅट घ्यावा, डाग दिसतच नाहीत. बरोबर आहे, दिसत नाहीत, मांडवातल्या दिव्याची तिरीप पण पसरून जाते, पण आमच्या स्कॅन केलेल्या पानांवर आधीच जुन्या वहीचे पिवळे डाग, त्यावर मॅटची ती बारीक रवाळ चमक आली की अनुस्वार कुठला आणि डागाचं टिंब कुठलं ते ओळखू येईना. मैत्रिणीच्या टॅबवर बघून आले होते म्हणून वाचले. दुसरं एक फुकटचं केलं, पीडीएफची पानं काळ्यावर पांढरी ठेवायचे डोळ्यांना बरं म्हणून, ती परत पांढऱ्यावर काळी केली. काळ्या पानावर प्रत्येक फराटा उठून दिसतो, पांढऱ्यावर उजेडात बुडतो.

गार्ड लावायला दुकानात नाही गेले. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ केली, वाफेने धूळ खाली बसते, दार लावून आत पाटावर बसून लावला, वीस मिनिटं लागली, आई बाहेरून विचारते झालं काय तुझं. बबल एकही नाही. एक कण मात्र अडकला, तिळाच्या अर्ध्याएवढा, डावीकडे साधारण मध्यावर. काढायला गेलं तर दोन नवीन येतील म्हणून राहू दिला.

मग गणेशोत्सवात घरोघरी भजनाला गेलो तेव्हा पहिल्यांदाच सगळं स्वच्छ दिसत होतं, दिव्याखाली पण, पान उलटलं की अक्षर समोर. सगळी पानं एकाच मापाने स्कॅन केलेली, त्यामुळे तो कण कुठल्या पानावर कुठल्या अक्षरावर येतो हे ठरलेलं. एका अभंगात तो नेमका ‘वदन’मधल्या ‘व’च्या डोक्यावर बसतो. मी पेटीवर, मोठ्याने, मन लावून, वंदन म्हटलं. मागून सगळ्यांनी वंदनच उचललं, दोनदा. काकी एकटी वदन म्हणत राहिली, आणि ओळ संपल्यावर माझ्याकडे वळून नुसती बघितली.